तिसऱ्या प्लगवरचं हिरवं पाणी

गॅरेजमध्ये तिला सगळे प्लगताई म्हणत. हे नाव पडलं ते चेष्टेत.

सहा गाड्या एका ओळीत उभ्या राहतील एवढी लांब पत्र्याची शेड होती. एका टोकाला मालकीणबाईंची काचेची केबिन होती आणि दुसऱ्या टोकाला, जिथं छप्पर उतरत उतरत पार खाली येतं, तिथं प्लगताईचा कोपरा. रॉकेलचे दोन पसरट टब, तारेचे ब्रश, हवा मारायची नळी आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. इंजिनातून निघालेला प्रत्येक तेलकट, काजळलेला तुकडा तिच्यापुढे येऊन पडायचा आणि घासूनपुसून लख्ख होऊन परत जायचा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तेरा वर्षं.

तेहतिसाव्या वर्षी ती इथं आली तेव्हा गाडीला चार चाकं आणि एक हॉर्न असतो, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. तयार कपड्यांचं मोठं दुकान चौकात उघडलं आणि त्याच्याकडे नवीन शिवायला येणारे लोक हळूहळू फक्त पँटची लांबी कमी करायला यायला लागले. मग ती म्हणाली, "मी बघते कुठंतरी." आणि तिनं बघितलं ते हे गॅरेज. भांडी घासणाऱ्या हातांना लोखंड घासायला कितीसं जड, असा तिचा हिशेब.

पहिल्याच महिन्यात तिनं एका गाडीचे चारही स्पार्क प्लग एकाच टबात टाकून स्वच्छ धुतले, पुसले, आणि मोठ्या कौतुकानं थाळीत मांडून हेड मिस्त्रीपुढे नेऊन ठेवले. हेड मिस्त्रीला सगळे वस्ताद म्हणत. तेव्हा तो पन्नाशीकडे झुकलेला, हाताचा पक्का आणि तोंडाचा फाटका. थाळी बघून तो एवढा भडकला, की शेडमधले सगळे पाने थांबले.

"अगं, चार माणसांचं रक्त एका बाटलीत गोळा करून तपासायला पाठवशील का? कुठला कितव्या नंबरचा, आता काय मी स्वप्नात बघू?"

तिचा चेहरा लाल झाला. पण रडण्याऐवजी तिनं विचारलं, "म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं का?"

वस्तादाचा राग त्या प्रश्नावर जरा अडखळला. त्यानं भंगाराच्या डब्यातून एक जुना प्लग उचलला. बोटाएवढा तुकडा, वरचं अर्धं अंग पांढऱ्या चिनी मातीचं, खालचं लोखंडी.

"हे बघ. इंजिनाच्या डोक्यावर चार खोल विहिरी असतात. प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक प्लग. त्याचं हे टोक आत इंजिनाच्या पोटात, तिथं ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. वरचं अंग बाहेर, विहिरीत. पोटात काय चाललंय ते बाहेर येऊन सांगणारा हा एकटाच. तू त्याचं तोंड धुऊन टाकलंस."

एवढं बोलून तो निघून गेला. पण ते तिच्या डोक्यात घर करून बसलं. त्या दिवसापासून तिनं चार खणांची थाळी केली, खणांवर आकडे रंगवले, आणि प्लग धुण्याआधी तो उजेडात धरून बघायची सवय लावून घेतली. टाकाऊ प्लग ती घरी न्यायला लागली. नवऱ्याच्या बटणांच्या पेटीतले खालचे दोन कप्पे तिनं बळकावले. संध्याकाळी दिव्याखाली दोघं बसत आणि शिंप्याला रंगांची नावं काय कमी? "हा बिस्किटी," तो म्हणायचा. "हा राखाडी. हा काजळी, पण कोरडा. हा काजळी, पण तुकतुकीत, याला तेल लागलंय." गॅरेजात ती कान देऊन ऐकायची की कुठल्या गाडीला काय झालं होतं, आणि घरी येऊन त्या त्या प्लगला चिठ्ठी बांधायची. बिस्किटी म्हणजे तब्येत ठणठणीत. कोरडा काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तुकतुकीत म्हणजे आत तेल उतरतंय. पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय.

ओल्या प्लगांसाठी तिनं दुसरीच युक्ती काढली. नवऱ्याच्या मशीनखाली पांढऱ्या पॉपलिनच्या कातरणीचा ढीग असायचा. प्लगवर काही ओलं दिसलं, की ती एका चिंधीवर टिपून घ्यायची आणि दोरीवर वाळत घालायची. पेट्रोल असेल तर बघता बघता उडून जायचं, मागे नावालाही डाग नाही. तेल असेल तर कापड तिथं आरपार दिसायला लागायचं आणि आठवडाभर तसंच राहायचं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट असेल तर रंगीत कडा उमटायची, बोटाला चिकट लागायची आणि जरा गोडसर वास यायचा. खिडकीशी बांधलेल्या त्या दोरीवरच्या चिंध्या बघून एक मिस्त्री म्हणाला, "आल्या आमच्या प्लगताई! आता प्लगचा हात बघून भविष्य सांगतील." सगळे हसले, तीही हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

भविष्य मात्र तिला कुणी विचारलं नाही. दोनचारदा ती आपणहून काही बोलली, ते कुणीतरी अर्धवट ऐकलं, आणि नंतर ते ऐकणाऱ्याचंच मत म्हणून पुढे गेलं. तिनं मनाला लावून घेतलं नाही. पण बटणांच्या पेटीतले कप्पे दोनाचे सात झाले.

मग एका बुधवारी सिस्टरची गाडी आली. त्या महिन्यातली तिसरी खेप.

सिस्टर म्हणजे घरोघर जाणारी नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायच्या, सुया द्यायच्या, नळ्या बदलायच्या, हे तिचं काम, आणि तिची लहानशी जुनी गाडी म्हणजे तिचे पाय. गाडी सकाळी सुरू होताना गचके खायची, एखाद्या म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि चारांपैकी तीनच पायांवर लंगडत चालायची. आधीच्या दोन खेपांना मिस्त्रींनी प्लग काढून, पुसून, वाळवून पुन्हा बसवले होते. गाडी तीनचार दिवस नीट चालली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या वेळी स्वतः वस्तादानं बॉनेट उघडलं. आता तो साठीला आला होता, आवाज खाली आला होता, पण शब्द अजूनही शेवटचाच असायचा. त्यानं तिसऱ्या प्लगवरची टोपी काढली, विहिरीत गळ्यातल्या बॅटरीचा उजेड टाकला आणि ओठ आवळले. विहिरीत हिरवट पाणी साचलं होतं. प्लग बाहेर काढला, तर तो वरपासून खालपर्यंत ओला. मग त्यानं कूलंटची टाकी बघितली. त्यातलं पाणीही हिरवंच, आणि पातळी वरच्या खुणेपासून चांगली दोन बोटं खाली.

"हेड गॅस्केट गेलं, इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी," वस्ताद म्हणाला. "कूलंट आत शिरतंय. इंजिन खोलावं लागेल."

सिस्टरचा चेहरा उतरला. "किती दिवस?"

"खोलायचं, हेड घासायला पाठवायचं, परत बसवायचं. तीन आठवडे धरून चला."

"तीन आठवडे?" ती हळूच म्हणाली. "माझी अकरा माणसं आहेत हो. त्यातल्या चौघांना रोज सुई लागते."

वस्तादानं हात पसरले. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण इंजिन काही कुणाच्या सोयीनं बिघडत नाही. "उद्या दुपारी खोलायला घेतो. सकाळी येऊन कागदावर सही करून जा."

चार प्लग चार खणांच्या थाळीतून प्लगताईच्या कोपऱ्यात आले. तिनं तिसरा उचलला, खिडकीपाशी नेला, आणि ती तिथंच उभी राहिली.

काहीतरी जमत नव्हतं. प्लग वरपासून खालपर्यंत ओला होता हे खरं, पण ती ओल एक नव्हती. तिनं दोन चिंध्या घेतल्या. एका चिंधीनं फक्त खालचं टोक टिपलं, जे इंजिनाच्या पोटात असतं. दुसरीनं वरचं चिनी मातीचं अंग. दोन्ही दोरीवर लावल्या आणि ती बघत राहिली. पहिली चिंधी पाहता पाहता वाळली. डाग नाही, काही नाही. ते नुसतं पेट्रोल होतं, ठिणगी न पडल्यामुळे न जळता तसंच राहिलेलं. दुसऱ्या चिंधीवर फिकट हिरवा गोल उरला. तिनं तो चिमटीत चोळला. चिकट लागला नाही. उलट बोटांत बारीकसा फेस आला.

मग तिनं प्लग पुन्हा बघितला. वर, जिथं पाना बसतो त्या षट्कोनावर, ताजा गंज धरला होता. खाली टोकाकडे गंजाचा मागमूस नाही. कूलंट पोटातून येत असतं, तर टोक धुतल्यासारखं पांढरं पडायला हवं होतं. तिच्या पेटीत असे तीन होते, तिन्ही उकडून काढल्यासारखे पांढरे. हा तसा नव्हता.

तिनं हात पुसले आणि ती वस्तादाकडे गेली. त्या थाळीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती कुणी न बोलावता शेडच्या मधोमध आली होती.

"वस्ताद, हे पाणी खालून आलेलं नाही. वरून पडलंय."

वस्ताद दुसऱ्या गाडीखाली होता. तो सरकत बाहेर आला. "काय?"

"टोकाला कूलंट नाहीये. टोकाला पेट्रोल आहे. हिरवं पाणी फक्त विहिरीत आहे. ते वरून विहिरीत पडतंय, त्यानं ठिणगी खाली पोचतच नाही, म्हणून पेट्रोल जळत नाही. गॅस्केट शाबूत आहे."

"वरून?" वस्तादानं छपराकडे बघितलं. "वरून कुठून? चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही. इंजिन कुणी धुतलेलं नाही. आणि टाकीतलं कूलंट कमी झालंय ते काय कावळ्यांनी प्यायलं?"

दोघेतिघे हसले. वस्ताद जरा नरमला. "ताई, प्लग पुसणं वेगळं आणि इंजिन ओळखणं वेगळं. जा, काम कर." आणि तो पुन्हा गाडीखाली सरकला.

ती कोपऱ्यात परतली. कान तापले होते. पण हातातली चिंधी तिनं टाकली नाही.

त्या संध्याकाळी घरी तिनं ती चिंधी नवऱ्यापुढे ठेवली. त्यानं चष्मा वर सरकवून बघितली. "रंग कूलंटचाच वाटतोय गं. पण जरा फिका. पाणी घातल्यासारखा."

"आणि चोळलं की फेस येतो."

"आण बघू इकडे," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. त्यांना दिसत फारच कमी होतं, पण त्याची सगळी भरपाई त्यांच्या नाकानं आणि जिभेनं करून टाकली होती. तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या लाद्या आणि खिडक्या पुसल्या होत्या. त्यांनी चिंधी नाकाशी धरली, एकदा हुंगली, आणि अशा काही नजरेनं सुनेकडे वळल्या, जणू तिनं त्यांना दोन अधिक दोन विचारलं होतं.

"काचेचा साबण आहे हा."

"काचेचा?"

"काचा पुसायचा. बादलीत टोपणभर टाकायचा. हा वास माझ्या हातांना तीस वर्षं होता, आंघोळ करूनही जायचा नाही. आणि तुमच्या गाडीत कशाला आला हा?"

प्लगताईनं चिंधी परत हातात घेतली. गाडीत काचेचा साबण एकाच ठिकाणी असतो. समोरची काच धुवायला बॉनेटखाली एक बाटली असते, तिच्यातून एक रबरी नळी निघते, आणि कळ दाबली की काचेवर पिचकारी उडते. त्या बाटलीतही लोक हिरवंच पाणी भरतात.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही आज एका गाडीचं पोट वाचवलंत."

"मग तिथं सांग माझं नाव," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर तुझे ते वस्ताद म्हणतील, मीच हुंगलं."

नवरा मात्र कामाच्या गोष्टीवर आला. "शर्टाला शाई कुठून लागली ते डाग कुठं आहे त्यावरून कळतं. तू चिंध्या नेऊ नकोस. मोठं कापड ने." आणि त्यानं कोटाच्या अस्तरातून उरलेला पांढऱ्या कापडाचा हातभर रुंद तुकडा तिच्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर सही करायला आली. प्लगताई दारातच उभी होती.

"सिस्टर, एक विचारू? गाडी कुठल्या दिवशी रुसते?"

सिस्टरला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ती विचार करत म्हणाली, "बुधवारी. आणि शनिवारी. सकाळी."

"म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही कुठं जाता?"

"खाणीकडच्या वस्तीत. दोन म्हातारे आहेत तिकडे माझे."

"रस्ता कसा आहे?"

"रस्ता कुठला, नुसता फुफाटा! खडीच्या गाड्या पुढे असल्या की समोरचं काही दिसत नाही. येता-जाता सारखी काच धुवावी लागते."

प्लगताईनं डोळे मिटले आणि उघडले. मग ती सिस्टरला घेऊन तडक काचेच्या केबिनमध्ये शिरली. मालकीणबाई फोनवर होत्या. वडिलांच्या माघारी हे गॅरेज चालवणारी ही बाई कमी बोलायची आणि नीट ऐकायची. प्लगताईनं दोन चिंध्या टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. नाकाची गोष्टही सांगितली, सासूबाईंच्या नावासकट.

"खात्री आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पाणी वरून पडतंय याची आहे. कुठून ते दाखवायला मला तासभर द्या. नाही दाखवता आलं तर वस्ताद दुपारी इंजिन खोलतीलच."

मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. "बारा वाजेपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे."

ही बातमी शेडमध्ये वाऱ्यासारखी पसरली. प्लगताई बॉनेटखाली हात घालणार म्हटल्यावर जो तो काहीतरी निमित्त काढून जवळ येऊन उभा राहिला. वस्ताद हाताची घडी घालून खांबाला टेकला.

तिनं बॉनेट उघडलं. इंजिनावर पांढरं कापड पसरलं, कडा नीट खोचल्या. बॉनेटच्या आतल्या बाजूला जाड फेल्टचं अस्तर होतं, आणि काच धुवायची नळी त्या अस्तराच्या आतून गेली होती. तिची फक्त दोन टोकं दिसत होती. "सिस्टर, आत बसा," ती म्हणाली. "मी सांगितलं की कळ दाबा."

सिस्टरनं कळ दाबली. काचेच्या दिशेनं दोन पिचकाऱ्या उडाल्या. दहा मोजेपर्यंत. वीस मोजेपर्यंत. कापड कोरं करकरीत.

"पुन्हा."

पुन्हा पिचकाऱ्या. कापड कोरंच. मागे कुणीतरी घसा खाकरला. कुणी पुटपुटलं, "चला, इंजिन खोलायची तयारी करा." वस्तादानं त्याच्याकडे एक नजर टाकली आणि तो गप्प झाला.

साबण होता. हिरवं पाणी होतं. मंगळवार-शुक्रवारचं गणित चोख बसत होतं. मग पाणी पडत का नाही? तिनं बॉनेटकडे बघितलं. ते दांड्यावर तिरपं उभं होतं, घराच्या उतरत्या छपरासारखं. आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की बिजागरीजवळ, काचेच्या पायथ्याशी, पत्र्यावरून एक बारीकशी ओली रेघ खाली उतरली आहे.

तिनं त्या रेघेवर बोट फिरवलं. फेस.

"पडतंय," ती म्हणाली, स्वतःशीच, मग मोठ्यानं, "पडतंय! बॉनेट उघडं असलं की पाणी उतारावरून मागे पळतं. सगळे बॉनेट उघडून बघताहेत, आणि हे होतं बॉनेट बंद असताना!"

तिनं दांडा काढला आणि बॉनेट धाडकन बंद केलं. "सिस्टर, दाबा. खाणीच्या रस्त्यावर दाबता तेवढं दाबा."

सिस्टरनं दाबलं. एकदा, दोनदा, सहादा. सगळे नकळत दोन पावलं पुढे सरकले होते. वस्तादानं हाताची घडी सोडली होती.

प्लगताईनं बॉनेट वर उचललं.

पांढऱ्या कापडावर एक हिरवा डाग होता. वाटीच्या तोंडाएवढा, गोल, अजून पसरत असलेला. ती वाकली, डाग हलू नये म्हणून एका हातानं कापड जागच्या जागी धरलं, आणि दुसऱ्या हातानं अलगद कडेनं उचलून खाली काय आहे ते सगळ्यांना दाखवलं.

डागाच्या बरोबर खाली तिसऱ्या प्लगची विहीर होती.

गाड्यांखाली उतरायच्या खड्ड्याजवळ उभा असलेला एक मिस्त्री ओरडला, "ए, आपली प्लगताई जिंकली रे!" आणि शेडमध्ये एकच गलका झाला. कुणी पाना पत्र्यावर वाजवला, कुणी हॉर्न दाबला. सिस्टर दार उघडून बाहेर आली आणि तिनं रॉकेलचा वास येणाऱ्या त्या बुटक्या बाईला सरळ मिठीच मारली. केबिनच्या दारात उभ्या असलेल्या मालकीणबाई हसत होत्या. त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

वस्ताद पुढे आला. त्यानं स्वतः अस्तराच्या खुंट्या काढल्या, नळी बाहेर ओढली आणि ती वाकवून बघितली. नळीच्या पोटाला नखाएवढी चीर होती, नळी वाकली की तोंड उघडणारी. मग त्यानं तिसऱ्या प्लगची रबरी टोपी चाचपली. ती वयानं कडक होऊन तडकली होती. वरचं पाणी तिथूनच आत उतरत होतं. शेवटी त्यानं कूलंटची टाकी पुन्हा बघितली आणि सिस्टरला विचारलं, "हे पाणी कधी कमी झालेलं बघितलंत?"

"नाही. गाडी घेतली तेव्हापासून तेवढंच आहे."

वस्तादानं मान हलवली. टाकीला वर एक खूण असते आणि खाली एक, आणि थंड इंजिनात पाणी त्या दोहोंच्या मध्ये असलं की झालं. चाळीस वर्षं हे त्याला माहीत होतं. काल त्यानं वरची खूण बघितली आणि खालची बघितलीच नाही, कारण उत्तर त्याच्या मनात आधीच तयार होतं.

तो सगळ्यांकडे वळला. बोलताना त्याला जरा कष्ट पडत होते, पण तो बोलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"मी आज दुपारी एक चांगलं इंजिन खोलणार होतो. यांनी वाचवलं." मग प्लगताईकडे बघून, "ताई, ती दोन चिंध्यांची गोष्ट मला जरा नीट दाखवाल का? सावकाश."

तेरा वर्षांत तो तिला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होता. तिनं दाखवलं. त्यानं स्वतःच्या बोटांनी दोन्ही चिंध्या चोळून बघितल्या, हुंगून बघितल्या, आणि "च्यायला" म्हणून हसला.

काम अर्ध्या तासाचं निघालं. नळीचा नवा तुकडा, नवी रबरी टोपी, विहीर कोरडी करून चार स्वच्छ प्लग. सव्वाबारा वाजता सिस्टरनं चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं, चारही पायांवर, एका सुरात. दारातून बाहेर पडताना तिनं मुद्दाम दोनदा पिचकारी उडवली. त्या दुपारी तिच्या चारही सुया वेळेवर झाल्या.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "सांगितलंस माझं नाव?"

"मालकीणबाईंपुढे सांगितलं. आणि वस्तादांनी विचारलंय, कधी गॅरेजला याल का म्हणून. त्यांना आणखी दोन बाटल्या हुंगवून घ्यायच्या आहेत."

"बघू," सासूबाई म्हणाल्या, पण त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या. नवऱ्यानं हिरव्या डागाचं ते कापड धुवायला नकार दिला. त्यानं त्याच्या चारही कडा दुमडून शिवल्या आणि ते मशीनच्या वर भिंतीला टांगलं. पँट लहान करायला येणाऱ्या प्रत्येकाला आता ती गोष्ट ऐकूनच जावं लागे.

शुक्रवारी सिस्टर खाणीकडे गेली. शनिवारी सकाळी गॅरेजचा फोन वाजला. मालकीणबाईंनी तो उचलला, ऐकला, आणि केबिनचं दार उघडून फोनचा आवाज मोठा केला. आधी चावीचा खटका, मग इंजिनाची घरघर, स्वच्छ, सलग. "ऐकलंत?" सिस्टरचा आवाज आला. "पहिल्याच चावीला!" खड्ड्यातून, गाड्यांखालून, कोपऱ्यातून, सगळीकडून टाळ्या आल्या.

सोमवारी वस्ताद आपणहून मालकीणबाईंकडे गेला आणि एक नियम करून घेऊन आला. यापुढे कुठलंही इंजिन खोलायचं असेल, तर आधी त्याचे चारही प्लग प्लगताईच्या टेबलावर जातील, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय एकही बोल्ट सैल होणार नाही. भाग धुवायला दुसरा माणूस ठेवला गेला. त्या वर्षी सात इंजिनं उघडायची वाचली, आणि ज्या दोन ठिकाणी तिनं "खोला" म्हटलं, तिथं खोलल्यावर तिनं सांगितलं तेच निघालं. दुसऱ्या गॅरेजांतून लोक प्लग कागदात गुंडाळून यायला लागले. ती आधी म्हणायची, "गाडी आणा. आणि चालवणाऱ्याला आणा."

वस्ताद दोन वर्षांनी निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी मालकीणबाईंनी त्याला विचारलं, आता गाडीचं दुखणं ओळखायचं काम कुणाकडे द्यायचं. त्यानं गळ्यातली बॅटरी काढली, शेड पार करून कोपऱ्यात गेला, आणि ती प्लगताईच्या हातात ठेवली. तेवढ्यात दारात एक गाडी धूर ओकत येऊन थांबली. पाच मिस्त्री तिच्याभोवती जमले, पण बॉनेटला कुणी हात लावला नाही. सगळे वळून कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.

तिनं बॅटरी गळ्यात अडकवली, बाह्या वर सारल्या आणि निघाली.